भुरीची डावी भकाळी



काल रात्री मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला. सकाळी पर्जन्यमापकात पाहिलं, ३४ मिमी. दरवर्षी लिहितो तेच यंदाही लिहितो, घाई करू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय सोयाबीनचं बियाणं पिशवीतच राहू द्या.

पण आजची नोंद पेरणीची नाही.

रात्री एकच्या सुमाराला सातपुड्याकडून विजा सुरू झाल्या. लाईट गेली. ताडपत्री नीट आहे का पाहायला उठलो, तर पुतणीचं अंथरूण रिकामं. नऊ वर्षांची पोरगी. वयनीला हाक मारायच्या आधी गोठ्याकडं गेलो, कारण ती कुठं असेल हे मला माहीत होतं. मोबाईलच्या उजेडात दिसलं, वगारीच्या अंगाला टेकून बसलेली, डाव्या हाताची मूठ तिच्या डाव्या भकाळीवर दाबून धरलेली. ओठ हलत होते.

"काका, तीन झाले," म्हणाली. "दोन मिन्टात तीन. बिस्कीट भेली नाई."

बिस्कीट म्हणजे आमची वगार. रंग भुरा म्हणून नाव बिस्कीट. पोटातले ते तीन हेलकावे मोजायला तिला मी शिकवलं. मला ते कुठून आलं, ते आज लिहितो. वीस वर्षं झाली, कोणाला सांगितलं नव्हतं.

आम्ही घाटाखालचे, संग्रामपूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. विहिरीला पाणी आहे, पण पिकाला देता येत नाही. दिलं तर जमीन चोपण होते. त्यामुळे सगळा भरवसा आभाळावर. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा, म्हणजे २००५ च्या सुमाराला, आमच्याकडं सगळा कापूस होता आणि कापसात काही उरत नव्हतं. घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. हळू बोलायचे. पोरांना हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं, हे मोठ्यांच्या ध्यानात येत नाही.

त्या वर्षांत आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या बातम्या पेपरात रोज असायच्या. किराणा बांधून आलेला कागद मी सोडवायचो आणि वाचायचो. बातमीत गाव, वय आणि कर्ज लिहिलेलं असायचं. मी ते वय बाबांच्या वयाशी लावून पाहायचो. हे मी कोणाला सांगितलं नाही.

मग पोट दुखायला लागलं. शाळेची वेळ झाली की दुखायचं, कारण मी शाळेत असताना घरी काही होईल असं वाटायचं. जेवण जाईना. अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी झाली, पारावर पावसापाण्याचं भाकीत सांगत होते, कोणीतरी म्हणालं, यंदा कठीण दिसते. बाकीचे चहा पीत ऐकत होते. मी पाराच्या मागं जाऊन उलटी केली.

रात्रीचं तर वेगळंच. मी उठायचो आणि बाबांच्या खाटेजवळ जाऊन त्यांचा श्वास मोजायचो. पन्नास झाले की परत येऊन झोपायचो. तासाभरानं पुन्हा उठायचो. सकाळी शाळेत डोळे मिटायचे आणि मार खायचो.

आजी म्हणाली, "पोट्ट्यानं भेव घेतलं." दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मग सैलानीला नेलं. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. ज्याच्या दुखण्याला नाव सापडत नाही त्याला लोक तिथं नेतात, सगळ्या जातीधर्माचे नेतात. मी आजीला हसत नाही. तिच्याजवळ जे होतं ते तिनं केलं. आणि एक गोष्ट मला तिथं कळली. इतकी माणसं पाहून कळलं की भिणारा मी एकटाच नाही. येताना एसटीत आजीच्या मांडीवर झोप लागली. पण घरी आल्यावर रात्री पुन्हा बाबांची खाट होतीच.

गोठ्यात तेव्हा भुरी होती. पूर्णाथडी म्हैस. घाटावरच्या आणि बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, पूर्णा नदीच्या खोऱ्यातली, अकोला, अमरावती, बुलडाणा भागातली ही आपली स्वतःची जात. रंग काळा नाही, फिका भुरा. अंगानं मध्यम, ऊन सोसणारी, कडबा-कुटारावर निभावणारी. दूध मुऱ्हाइतकं नाही, पण खर्चही मुऱ्हाइतका नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. तेव्हा आम्हाला हे काही माहीत नव्हतं. भुरी म्हणजे भुरी.

एकदा ती खाईना. पोट फुगलेलं. दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक सायकलवर आले. त्यांनी डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली आणि घड्याळाकडं पाहत उभे राहिले. मी बाजूला. त्यांनी माझा हात धरून तिथं ठेवला. म्हणाले, "मोठं पोट इकडं असते, डाव्या अंगाले. आतून हेलकावा येते का पाय. दोन मिन्टात दोन-तीन आले की जनावर बरं. नाई आले की मले बोलाव."

त्या दिवशी दोन मिनिटांत एकही आला नाही. त्यांनी औषध पाजलं. सांजेला मी पुन्हा मूठ ठेवली. बराच वेळ काही नाही. मग आतून काहीतरी सावकाश उठलं, माझी मूठ वर ढकलली, आणि खाली बसलं. मी माझा श्वास धरून होतो, तो सुटला.

"हेलकावा आला की मले सांगजो," असं ते म्हणाले होते. म्हणून मी रोज मोजायला लागलो. सकाळी शाळेआधी, सांजेला धार काढायच्या वेळी, रात्री जेवणानंतर. भुरी बरी झाली तरी मोजत राहिलो. तिला टेकून बसायचो. म्हशीचं अंग आपल्यापेक्षा ऊनच असतं, थर्मामीटर लावला तर १०० - १०१ फॅरनहाइट दाखवतं. हिवाळ्यात ती ऊब पाठीला लागली की पोटातली गाठ सैल व्हायची. रवंथ चालू असायचं. घास वर यायचा, चाळीस-पन्नास वेळा चावायची, गिळायची, जरा थांबायची, दुसरा घास. निरोगी जनावर दिवसातले सहा-आठ तास हेच करतं. आणि जे जनावर भ्यालेलं आहे किंवा दुखण्यात आहे ते रवंथ करत नाही. हे कळल्यावर मला एक गोष्ट उमगली. भुरी रवंथ करते आहे म्हणजे आता, या घडीला, इथं काही वाईट चाललेलं नाही. माझं मन सांगायचं ते खोटं असू शकतं, पण भुरीचं रवंथ खोटं नसतं.

मी शाळेत जायला लागलो. मधल्या सुट्टीत पोट दुखलं की मनात म्हणायचो, भुरी आता सावलीत बसून रवंथ करत असेल.

त्या हिवाळ्यात एका रात्री उठलो आणि बाबांच्या खाटेवर नुसती वाकळ होती. माणूस नव्हता.

ते दोन मिनिटं मी कधी विसरणार नाही. माझे पाय आधी विहिरीकडं वळले. काठावर जाऊन हाक मारायची हिंमत होईना. परत फिरलो तर गोठ्यातून भुरीच्या गळ्यातली घंटी वाजली. आत गेलो. बाबा पोतं अंथरून तिच्या पोटाला पाठ लावून बसले होते. डोळे मिटलेले. ती रवंथ करत होती आणि तिच्या प्रत्येक घासाबरोबर बाबांचं डोकं जरासं हलत होतं.

"बाबा, तुमी इकडं?"

दचकले. मग सरकून अर्धं पोतं मोकळं केलं.

"झोप नाई लागत बाबू. इच्यापाशी बसलं की लागते. तू कायले उठला?"

मी खरं सांगितलं नाही. म्हणालो, भुरीचे हेलकावे मोजायला आलो. आम्ही दोघं बसलो. मी मूठ ठेवली, त्यांचाही हात धरून तिथं ठेवला. तीन आले. बाबा म्हणाले, "आयला, मले एवढी वर्सं मालूम नव्हतं." त्या रात्रीनंतर मी त्यांचा श्वास मोजणं सोडलं. खाट रिकामी दिसली तर गोठ्यात डोकवायचो आणि येऊन झोपायचो.

आता पुढचं. हे लिहायला जड जातं.

२००६ च्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन दोन-चार दिवस झाले असतील. शाळेतून आलो, दप्तर फेकलं, गोठ्यात गेलो. खुटा रिकामा. सकाळचा शेणाचा पो तसाच पडलेला. बियाण्याला पैसे नव्हते, भुरी बाजारात गेली होती. पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांनी पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलडाणा होता. गावभर त्याची चर्चा. मी मात्र जेवत नव्हतो. पोटदुखी परत आली, आधीपेक्षा जास्त. बाबांशी दोन महिने धड बोललो नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करताना बाबांनी हळदीचा हात तसाच ठेवून मला एवढंच सांगितलं, "तुले सांगून नेली असती, तं माह्याच्यानं नेलीच गेली नसती."

भुरी विकली म्हणून मी बाबांवर रागावलो नाही, तेव्हाही नाही. पेरणी व्हायलाच पाहिजे होती. राग न सांगण्याचा होता. शाळेत गेल्यावर घरी काहीतरी वाईट होईल, हीच तर माझी भीती होती आणि नेमकं तेच झालं होतं. शेवटी आजीनं पदरमोड करून एक शेळी आणली. तिच्या मागं रान फिरता फिरता जेवण सुरू झालं. शाळाही परत लागली. एक जनावर गेलं की दुसरं त्याच्यासारखं होत नाही. पण हात ठेवायला अंग लागतं, ते मिळालं.

आता मोठेपणी, थोडं वाचून आणि बरीच वर्षं दूध काढून, मला जे समजलं ते सांगतो.

दुधवाल्यांना पान्हा म्हणजे काय ते सांगायला नको. वासरू लागलं, कासेला हलका हात लागला, ओळखीचा आवाज आला, की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा येतो. त्याच वेळी कोणी काठी आपटली, अनोळखी माणूस आला, कुत्रं भुंकलं, तर अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि पान्हा अडतो. आपण म्हणतो, म्हशीनं दूध चोरलं. ती चोरत नाही, भ्यालेली असते. म्हणून चांगला गवळी धारेच्या वेळी आवाज चढवत नाही. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच हात.

हीच दोन्ही रसायनं माणसाच्या पोरातही आहेत. भ्यालेल्या पोराला भूक लागत नाही, झोप लागत नाही, आलेलं उत्तर आठवत नाही. म्हशीला आपण म्हणत नाही की तू नाटकं करते. पोराला म्हणतो. म्हशीला चुचकारतो, पोराच्या पाठीत घालतो. मी स्वतः हे केलं आहे, म्हणून लिहितो.

बाहेरच्या देशांत यावर बरंच काम झालं आहे. अमेरिकेत टेम्पल ग्रँडिन नावाच्या बाई आहेत, पशुविज्ञानाच्या प्राध्यापक. लहानपणापासून ऑटिझम, आणि वयात येताना भीतीचे जबर झटके. मावशीच्या पशुपालन फार्मवर त्यांनी पाहिलं की लस टोचायला खोड्यात घेतलेल्या गाई दोन्ही बाजूंनी दाब बसला की शांत होतात. त्या स्वतः त्या खोड्यात शिरून पाहिल्या, बरं वाटलं. मग स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. पुढं जनावरं न भिता पुढं सरकतील अशा गोठ्यांची आणि कत्तलखान्यांची रचना करून त्या जगभर माहीत झाल्या. बोरिस लेव्हिन्सन हे तिकडचेच बालमानसतज्ज्ञ. त्यांनी पाहिलं की आपला कुत्रा खोलीत असला की न बोलणारी मुलंही मोकळी होतात. १९६२ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं आणि तिथून या उपचाराचा अभ्यास वाढला. यातलं बरंच आपल्या गोठ्यात आधीपासून आहे. आपण त्याकडं दूध आणि शेण म्हणूनच पाहतो, एवढंच.

आता पुतणीकडं येतो.

२२ जुलै २०२३. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यातल्या लोकांना ही तारीख सांगायला नको. आमच्या गोठ्यात छातीइतकं पाणी आलं. मी आणि दादानं अंधारात विळ्यानं दावी कापली. म्हशी पोहून निघाल्या, दोन शेळ्या गेल्या. पोरगी वरच्या माळ्यावरून पाहत होती. शेत खरडून गेलं त्याचे पंचनामे झाले. पोरीच्या मनातलं कशात मोजायचं?

त्या दिवसानंतर ढग दिसला की तिचं पोट दुखायचं. शाळेतून पळून यायची. अंथरूण ओलं व्हायला लागलं. दादा एकदा तिच्यावर ओरडला आणि मला वीस वर्षांपूर्वीचा मी दिसलो. त्या दिवाळीला म्हैस व्याली, भुऱ्या रंगाची वगार झाली. मी पोरीला म्हणालो, ही तुझी. रोज तीन वेळा हिची तपासणी करायची आणि वहीत लिहायचं. वगार चारा खाऊन रवंथ करायला लागली तसं भकाळीवर मूठ ठेवायला शिकवलं.

लगेच फरक पडला असं नाही. पहिले दोन-तीन महिने काहीच नाही. आम्ही जिल्हा रुग्णालयातही दाखवलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी चांगलं सांगितलं, शाळेतल्या बाईंनीही समजून घेतलं. वगारीनं एकटीनं सगळं केलं असं मी म्हणणार नाही. पण दवाखाना महिन्यातून एकदा होता, वगार रोज होती.

गेल्या आठवड्यात गावातला व्यापारी आला. वगार अंगानं भरली आहे, भाव चांगला सांगितला. यंदा बियाणं, खत, सगळंच महाग. दादा माझ्याकडं पाहायला लागला. मीही मनात हिशेब केला, खोटं कशाला बोलू. पोरगी शाळेत होती. शेवटी व्यापाऱ्याला म्हणालो, सांजेला या.

सांजेला पोरीला समोर बसवलं. तिला सगळं सांगितलं, किती पैसे लागतात, किती आहेत, वगारीचे किती येतील. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, विकाचीच असंन तं विका. पण मी शायेत असतानी नका विकू." बाबा खाटेवर बसून ऐकत होते. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. उठले आणि गोठ्याकडं गेले. नंतर दादाला म्हणाले, माझं ते सागाचं जुनं लाकूड पडलं आहे ते काढा, वगार राहू द्या.

वगार राहिली. पुढं कधी जाईलही, दुभत्या जनावरांचं घर आहे. पण पोरीला आठ दिवस आधी सांगायचं आणि निरोप द्यायला तिला सोबत न्यायचं, एवढं घरात ठरलं आहे.

ज्यांच्या घरी असं भिणारं लेकरू आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

जनावर लेकराच्या हवाली करा, पण गरीब स्वभावाचं. ताजी व्यालेली म्हैस, माजावरचा वळू, अनोळखी कुत्रं नको. मागून जायचं नाही, बाजूनं हाक देत जायचं, हे पहिल्या दिवशी शिकवा.

काम रोजचं आणि छोटं द्या. पाणी दाखवणं, खरारा करणं, हेलकावे मोजणं, वहीत लिहिणं. भिणाऱ्या मनाला मोजायला काहीतरी लागतंच. वाईट गोष्टी मोजण्यापेक्षा हे बरं.

हात साबणानं धुवायला लावा, कच्चं दूध देऊ नका, गाभडलेल्या जनावराजवळ लेकराला जाऊ देऊ नका. कुत्रं चावलं की जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस.

आणि लेकराचं जेवण, झोप, शाळा दोन-तीन आठवडे बिघडलेली राहिली तर जनावरावर सोडू नका, डॉक्टरला दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. लेकरासाठीच आहे असं नाही. रात्री खाटेवरून उठून गोठ्यात जाऊन बसणाऱ्या बापासाठीही आहे.

काल रात्री मी पोरीला घरात चल म्हणालो नाही. पोतं आणलं आणि बाजूला बसलो. थोड्या वेळानं बाबाही आले, काठी टेकत. तिनं सरकून जागा केली.

आज सकाळी वहीत तिनं लिहिलं आहे: पाऊस खूप. वीज ९ वेळा. बिस्कीट ३. आबा झोपले.

पाऊस ३४ मिमी. पेरणी अजून नाही.